चित्रतुरग आणि रणांगण

वत्सराज उदयनाच्या बंधनाची कथा संस्कृत नाटकांच्या वाचकांना नवी नाहीं. भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायणा'चा आरंभच या प्रसंगानें होतो. उदयन हा हत्तींचा मोठा षोकी आणि तितकाच मोठा जाणकार. वीणेच्या सुरांनीं रानहत्तीला वश करण्याची विद्या त्याला अवगत होती. उज्जयिनीच्या प्रद्योतानें त्याला धरण्यासाठीं उघड लढाई मांडली नाहीं. त्यानें अरण्यांत एक कृत्रिम हत्ती उभा करविला. असा अपूर्व गज आढळल्याची वार्ता येतांच राजा थोड्या माणसांनिशीं पुढें गेला आणि दबा धरून बसलेल्या शत्रूच्या हातीं सांपडला. या कथेवर भामहानें आपल्या 'काव्यालंकारा'त घेतलेला आक्षेप मोठा मार्मिक आहे. जिवंत रानहत्ती आणि कातड्याचा बनविलेला हत्ती यांतील भेद लहान मुलालाही कळतो. मग गजविद्येंत पारंगत असलेल्या राजाला तो कळूं नये, हें कसें संभवतें? भामहाच्या मतें हा कथेंतील दोष आहे. ती लोकव्यवहाराला सोडून आहे.

हा आक्षेप आम्हांला पुष्कळ दिवस बिनतोड वाटत असे. परंतु विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांत पाश्चात्त्य चित्रकारांनीं, नेपथ्यकारांनीं आणि चित्रपट-दिग्दर्शकांनीं शत्रूला फसविण्यासाठीं जें काम केलें, त्याची हकीकत वाचल्यापासून भामहाची बाजू लंगडी पडते असें वाटूं लागलें. इतकेंच नव्हे, तर कलेंतील आभास आणि व्यवहारांतील फसवणूक यांची सीमारेषा कोठें काढावयाची, हा जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें उभा राहिला. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार मुख्यतः दोन इंग्रजी पुस्तकांच्या निमित्तानें करावयाचा आहे. पहिलें जॅस्पर मॅस्केलिन या जादूगाराच्या नांवावर प्रसिद्ध झालेलें 'मॅजिक : टॉप सीक्रेट' (१९४९), आणि दुसरें जॉफ्री बार्कस या चित्रपट-दिग्दर्शकानें पत्नी नॅटली हिच्यासह लिहिलेलें 'द कॅमूफ्लाज स्टोरी' (१९५२). दोघेही दुसऱ्या महायुद्धांत ईजिप्तमध्यें होते. दोघांचाही विषय शत्रूच्या डोळ्यांत धूळ टाकणें हाच. पण एकानें फसवणुकीविषयीं खरें सांगितलें, आणि दुसऱ्यानें फसवणुकीविषयीं सांगतांना वाचकालाच फसविलें. या भेदाला आम्ही एवढें महत्त्व कां देतों, हें सांगणें हाच या लेखाचा हेतु.

प्रथम थोडी शास्त्रचर्चा करणें अवश्य आहे. रससूत्राचा अर्थ लावतांना श्रीशंकुकानें चित्रतुरगाचा दृष्टांत दिला आहे. भिंतीवरील घोड्याचें चित्र पाहून आपण 'हा घोडा' असें म्हणतों. हें ज्ञान यथार्थ म्हणावें, तर तेथें घोडा नाहीं. मिथ्या म्हणावें, तर आपण चुकलों असें मागाहून कोणाला वाटत नाहीं. 'घोडा आहे कीं नाहीं' असा संशयही तेथें नसतो, आणि 'घोड्यासारखें कांहीं तरी आहे' अशी नुसती सादृश्यबुद्धीही नसते. या चारींहून निराळी अशी ही प्रतीति आहे. आणि रंगभूमीवरील नटाला 'हा राम' म्हणणाऱ्या प्रेक्षकाची प्रतीति याच जातीची होय. शंकुकाचें एकंदर मत अभिनवगुप्तानें पुढें खोडून काढलें हें खरें. परंतु मत गेलें तरी दृष्टांत मागें राहिला. याचें कारण असें कीं, कलेच्या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशीं असलेला एक न बोललेला करार त्यांत स्पष्ट होतो. चित्रकार जणूं म्हणतो, 'मी तुला घोडा दाखवितों. तूं तो घोडा मान. पण त्यावर बसूं नको.' पाहणारा हें मान्य करतो, आणि या मान्यतेंतच त्याचें रसिकत्व आहे.

आतां याच चित्रकाराला रणांगणावर नेऊन उभें करा. तेथें प्रेक्षकानें घोड्यावर बसावें हीच त्याची इच्छा असते. चित्र पाहून शत्रूच्या टेहळ्यानें 'वा, काय हुबेहूब काढलें आहे!' असें उद्गार काढले, तर चित्रकाराचा सारा खटाटोप फुकट गेला. त्यानें 'शत्रूचे रणगाडे' एवढेंच म्हणून तारयंत्राकडे धांवलें पाहिजे. या कलेला प्रेक्षक एकच, आणि त्यानें रसिक होतां कामा नये! जगांत दुसरी कोणतीही कला अशी नाहीं कीं जिचें यश तिच्या कलापणाची कोणाला दादही न लागण्यांत असतें.

या विचित्र सेवेसाठीं चित्रकारांना एक स्वतंत्र दल म्हणून एकत्र करण्याचा मान पहिल्या महायुद्धांतील फ्रान्सकडे जातो. १९१५ सालीं फ्रेंच सैन्यांत छद्मरचनेचें पथक रीतसर स्थापन झालें. त्याचा प्रमुख गिरां द सेव्होला हा प्रतिष्ठित लोकांचीं व्यक्तिचित्रें काढणारा चित्रकार होता. आणि पथकानें आपलें चिन्ह म्हणून रंग बदलणारा सरडा पसंत केला होता. तोफांवर रंगाचे ओघळ काढून त्यांचा आकार मोडावा, रस्त्यांवर रंगविलेलीं किंतानें टांगावीं, खऱ्या झाडाच्या जागीं पोकळ पोलादी झाड उभें करून त्यांत टेहळ्या बसवावा, असें त्यांचें काम असे. ज्या डोळ्यांनीं आजवर आकार कसा उठून दिसेल याचा अभ्यास केला होता, त्यांनाच तो कसा बुजेल याचा अभ्यास आतां करावा लागला. दोन्ही अभ्यास मुळांत एकच आहेत, हें तेथें प्रथम ध्यानांत आलें.

समुद्रावरील प्रयोग याहूनही उद्बोधक आहे. १९१७ सालीं जर्मन पाणबुड्यांनीं इंग्लंडचीं व्यापारी जहाजें बुडविण्याचा सपाटा चालविला, तेव्हां नॉर्मन विल्किन्सन या सागरचित्रकाराला एक कल्पना सुचली. आकाश आणि पाणी क्षणोक्षणीं रंग पालटतात. तेव्हां जहाज लपविणें अशक्य. मग तें लपवूंच नये. उलट त्यावर काळे, पांढरे, निळे वेडेवांकडे पट्टे ओढून, तें कोणत्या दिशेनें चाललें आहे याविषयींच पाहणाऱ्याचा घोटाळा उडवून द्यावा. पाणबुडीवरील अधिकाऱ्याला जहाज आतां जेथें आहे तेथें टॉर्पेडो सोडून भागत नाहीं. तें थोड्या वेळानें जेथें पोहोंचेल तेथें तो सोडावा लागतो. त्याचा हा हिशेब चुकविणें एवढाच या चित्रकलेचा उद्देश. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या इमारतींत लांकडाचीं लहान जहाजें रंगवून, फिरत्या पाटावर ठेवून आणि पेरिस्कोपांतून न्याहाळून नमुने ठरविले जात. युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून अधिक जहाजें या पद्धतीनें रंगलीं. त्यांचा उपयोग किती झाला याची आरमारी खात्यानें १९१८ सालीं चौकशी केली. तेव्हां जहाजें वांचल्याचा निर्णायक पुरावा आंकड्यांवरून निघाला नाहीं, पण खलाशांना धीर आला एवढें मात्र आढळलें. म्हणजे शत्रूवर झालेला परिणाम संशयित, आणि स्वकीयांच्या मनावर झालेला निश्चित!

यांतील एक गोष्ट आमच्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. ब्रिस्टल आणि लिव्हरपूल या बंदरांत जहाजें रंगविण्यावर देखरेख करणारा एडवर्ड वॉड्स्वर्थ हा स्वतः नव्या पंथाचा चित्रकार होता. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं त्यानें लिव्हरपूलच्या गोदींतील एका रंगविलेल्या जहाजाचें सुमारें दहा फूट उंचीचें चित्र काढलें. तें आज कानडाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. तेच पट्टे, तीच कोनाकृति रचना, हातही त्याच पंथांतला. परंतु समुद्रावर त्या पट्ट्यांचें प्रयोजन एका माणसाची दृष्टि चुकविणें हें होतें, आणि भिंतीवर तेच पट्टे दृष्टीला आनंद देतात. रेषा बदलल्या नाहींत, रंग बदलले नाहींत. बदलला तो पाहणाऱ्याशीं असलेला करार. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, कला आणि फसवणूक यांतील भेद कृतींत शोधूं जाणारा सदैव निराश होईल. तो कर्ता आणि प्रेक्षक यांच्या परस्पर नात्यांत शोधला पाहिजे.

आतां बार्कसच्या पुस्तकाकडे वळूं. बार्कस हा पहिल्या महायुद्धांत गॅलिपोलीला लढलेला शिपाई, आणि पुढें त्याच मोहिमेवरील 'टेल इंग्लंड' (१९३१) या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकीं एक. दुसऱ्या महायुद्धांत मध्यपूर्वेंतील छद्मरचना-खात्याची सूत्रें त्याच्या हातीं आलीं. त्याच्या हाताखालीं टोनी एर्टन हा चित्रकार, ब्रायन रॉब हा व्यंगचित्रकार, स्टीव्हन साइक्स हा काचचित्रें आणि सजावट करणारा कलावंत, अशी मंडळी होती. १९४२ च्या सप्टेंबरांत या मंडळींपुढें जी मागणी आली, ती ऐकून कोणाही नेपथ्यकाराच्या पोटांत गोळा उठावा. अलामेनच्या आघाडीवर इंग्रजांचें आठवें सैन्य उत्तरेकडून चढाई करणार होतें. ती दक्षिणेकडून होणार, आणि तीही प्रत्यक्षाहून बऱ्याच उशीरां, असें शत्रूला भासवावयाचें होतें. भूमि कशी? झाड नाहीं, डोंगर नाहीं, सपाट वाळू. आणि वर शत्रूची विमानें छायाचित्रें घेत फिरणारीं. हातीं अवधि महिन्याभराचा.

त्यांनीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. उत्तरेकडे रणगाडे यावयाचे होते, तेथें अगोदरच मालमोटारींची गर्दी उभी केली. त्यांतील पुष्कळशा मोटारी म्हणजे लांकडी चौकटीवर किंतान ताणलेले दोन पाखी सांगाडे होते. हे सांगाडे शत्रूला दिवसेंदिवस दिसत राहिले आणि त्याच्या नजरेला सरावले. मग एका रात्रीं खरे रणगाडे येऊन त्यांच्या पोटांत शिरले, आणि ते जेथून निघाले तेथें खोटे रणगाडे बसले. सकाळीं वरून पाहणाऱ्याला कांहींच हललेलें दिसलें नाहीं. असे ७२२ सांगाडे या कामीं लागले. तोफाही अशाच मालमोटारींच्या वेषांत दडविल्या. अलामेन स्टेशनाजवळ पूर्वींच खणून दगडी बांधकाम केलेले खंदक होते. त्यांच्या भिंतींना लागून पेट्रोलच्या डब्यांची एकेक रांग अशी रचली कीं खंदकाची सावली तसूभरही बदलूं नये. सुमारें २,००० टन पेट्रोल अशा रीतीनें उघड्यावर नाहींसें झालें. आपल्याच विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून तें शोधण्याचा यत्न केला, तोही साधला नाहीं.

दक्षिणेकडील युक्ति याच्या उलट. तेथें पाण्याचा नळ टाकण्याचें काम सुरू असल्याचा देखावा केला. पांच मैलांचा चर खणावयाचा, पेट्रोलचे रिकामे डबे ठोकून केलेले खोटे नळ त्याच्या कडेला मांडावयाचे, रात्रीं चर बुजवावयाचा, आणि तेच नळ उचलून पुढच्या टप्प्यावर न्यावयाचे. कामाची गति अशी राखली होती कीं, हिशेब करणाऱ्या शत्रूला हा नळ नोव्हेंबरच्या आरंभापूर्वीं पुरा होत नाहीं असेंच दिसावें. आणि नळ पुरा झाल्याखेरीज चढाई कशी होईल? स्थळाविषयीं खोटें बोलणें चित्रकाराला साधतें. येथें काळाविषयीं खोटें बोलावयाचें होतें, आणि तें काम कथाकाराचें. हा नळ म्हणजे एक क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरीच होती. शत्रु तिचें रोजचें प्रकरण वाचून शेवटाची वाट पाहत बसला, आणि लेखकानें शेवटापूर्वींच, २३ ऑक्टोबरच्या रात्रीं, ग्रंथ मिटला.

या प्रकरणांतील कळस मात्र मुनस्सिबच्या खोलगट भागांतील तोफांचा. तेथें खोट्या तोफा मांडून ठेवल्या, आणि त्या खोट्या आहेत हें शत्रूला हळूहळू कळूं दिलें. त्याची खात्री पटल्यावर रात्रींतून त्यांच्या जागीं खऱ्या तोफा आणून बसविल्या. खोट्याला खरें भासविणें ही पहिली पायरी. खऱ्याला खोटें भासविणें ही दुसरी. कोणत्याही रहस्यकथेच्या लेखकाला हेवा वाटावा अशी ही रचना आहे.

आतां भामहाला उत्तर देतां येतें. अलामेनला जर्मनांचे टेहळे आंधळे नव्हते. ते छायाचित्र वाचण्यांत तरबेज होते. आणि तरबेज होते म्हणूनच फसले. नवखा माणूस चर पाहून 'चर' म्हणतो. जाणकार मात्र चरावरून नळ, नळावरून पाणी, पाण्यावरून सैन्य आणि सैन्यावरून तारीख, अशी अनुमानांची सांखळी बांधतो. आणि फसविणारा या सांखळीचेंच टोंक हातीं धरतो. उदयनाला हत्तींचें ज्ञान नसतें, तर तो त्या अरण्यांत गेलाच नसता. मूल कातड्याचा हत्ती ओळखील, कारण त्याला तो दुर्लभ गज हवा नसतो. उदयनाला तो हवा होता. मनाची इच्छा आणि विद्येचा अभ्यास यांनीं अर्धें चित्र अगोदरच काढून ठेवलेलें असतें. कारागिराला उरलेलें अर्धें पुरें करावें लागतें, एवढेंच. भासाला मानवी मन भामहापेक्षां अधिक कळलें होतें, असा निर्णय देण्यास आतां हरकत दिसत नाहीं.

असो. या चातुर्याचें कौतुक करतांना एक गोष्ट विसरतां येत नाहीं. हल्ला झाला तेव्हां रोमेल आजारपणाच्या रजेवर जर्मनींत होता, आणि त्याच्या जागीं आलेला स्टुमे दुसऱ्याच दिवशीं मरण पावला. दक्षिणेकडे अडकून पडलेली एक्किसावी पँझर डिव्हिजन उत्तरेकडे निघण्यास तीन दिवस गेले. चर्चिलनें ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं पार्लमेंटांत छद्मरचनेची मुक्तकंठानें स्तुति केली. पण या विजयासाठींही आठव्या सैन्याचे सुमारें १३,५०० लोक मेले, घायाळ झाले किंवा बेपत्ता झाले. शत्रूकडील हानि निराळीच. त्या आघाडीवर रुवैसात टेकडीवर चौथी हिंदी डिव्हिजन उभी होती. ईजिप्त आणि लिबियांत पडलेल्या ज्या हिंदी जवानांना त्यांच्या धर्माप्रमाणें अग्निसंस्कार मिळाला, अशा सहाशेंहून अधिक जणांचीं नांवें अलामेनच्या स्मारकावर कोरलेलीं आहेत. किंतानाच्या त्या सांगाड्यांनीं आपल्या बाजूचे किती प्राण वांचविले याचा हिशेब कोणी मांडूं शकणार नाहीं. पण ते वांचले असतील तर तितकेच प्राण पलीकडे गेले असतील, हेंही नाकबूल करतां येत नाहीं. नाटकांत नटाला खरा राम समजणारा खेडुत हास्यास्पद होतो. येथें खोट्या मोटारीला खरी समजणारा माणूस मरतो. हें काम करणाऱ्या कलावंतांना आम्ही दोष देत नाहीं. शस्त्र उचललेल्यानें तलवारीनें मारावें आणि कुंचल्यानें मारूं नये, असा नियम सांगणें ढोंगीपणाचें होईल. मात्र हें कलेचें एक रूप आहे असें म्हणतांना, येथें कलेनें आपला करार बाजूस ठेवून शस्त्राची चाकरी पत्करली आहे, एवढें भान असावें.

चाकरी संपल्यावर काय? येथेंच दोन्ही पुस्तकांतील भेद उघड होतो. शत्रूला फसविण्याचा परवाना युद्धाबरोबर संपतो. कलावंत घरीं परत येऊन लेखणी हातीं धरतो, तेव्हां पुढें वाचक असतो. त्याच्याशीं असलेला जुना करार पुन्हा लागू होतो. बार्कसच्या पुस्तकांत सर्व कांहीं आहे असें नाहीं. १९५२ सालीं गुप्त संदेश फोडण्याचा आणि दुहेरी हेरांचा सारा व्यवहार सरकारी कुलपांत होता. त्यामुळें आपल्या खोट्या नळाच्या मागें किती मोठें कपटनाटक चाललें होतें, हें त्याच्या पुस्तकांत येऊं शकलें नाहीं. एखाद्या मोठ्या प्रयोगाची हकीकत केवळ पडदे रंगविणाऱ्याच्या तोंडून ऐकावी, तसें तें आहे. परंतु जें सांगितलें तें आपल्या हातचें. सहकाऱ्यांना त्यांचें श्रेय दिलेलें. टोनी एर्टन तर १९४३ सालींच वारला. त्याच्या वतीनें बोलण्यास अशा पुस्तकावांचून दुसरें कोण होतें?

मॅस्केलिनची गोष्ट निराळी. तो जादूगारांच्या तिसऱ्या पिढींतला. त्याच्या पुस्तकावर विश्वास ठेवला, तर अलेक्झांड्रियाचें बंदर त्यानें दिव्यांच्या साहाय्यानें रात्रींतून शेजारच्या खाडींत हलविलें, सुएझचा कालवा फिरत्या झोतांच्या झगझगाटांत अदृश्य केला, आणि अलामेनच्या मायावी सैन्याचाही बराचसा यशोभाग त्याचाच. पुस्तक मोठें चटकदार आहे. पुढें १९८३ सालीं डेव्हिड फिशर यानें 'द वॉर मॅजिशियन' या पुस्तकानें ही कीर्ति आणखी पसरविली. परंतु मागाहून ज्या संशोधकांनीं कागदपत्र ताडून पाहिले, त्यांना या थोर चमत्कारांना आधार सांपडला नाहीं. मॅस्केलिनचा प्रायोगिक विभाग अल्पकाळच टिकला. पुढें शिपायांचें मनोरंजन करणें आणि कैदेंतून निसटण्याच्या युक्त्यांवर व्याख्यानें देणें हेंच त्याचें मुख्य काम झालें. तें काम कमी मोलाचें नव्हतें. त्याचीच हकीकत त्यानें प्रांजळपणें लिहिली असती, तर एक चांगलें पुस्तक झालें असतें.

यावर कोणी म्हणेल, 'जादूगाराच्या पुस्तकाकडून सत्याची अपेक्षा कसली करतां? करमणूक झाली, पैसे वसूल झाले.' हा आक्षेप आम्हांला मान्य नाहीं. आणि त्याचें उत्तर मॅस्केलिनच्या घराण्यांतच आहे. त्याचा आजा जॉन नेव्हिल मॅस्केलिन यानें कीर्ति मिळविली ती भुताखेतांच्या नांवानें खेळ करणाऱ्या डॅव्हनपोर्ट बंधूंचें पितळ उघडें पाडून. १८६५ सालीं त्यानें त्यांचेच चमत्कार स्वतः करून दाखविले आणि ते नुसते हातचलाखीचे आहेत हें जाहीरपणें सांगितलें. रंगमंचावरील जादूगार हा एका अर्थीं अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. 'मी तुम्हांला फसविणार' असें सांगून तो फसवितो, आणि चित्रतुरगाचा करार तंतोतंत पाळतो. डॅव्हनपोर्ट बंधूंचा अपराध हातचलाखीचा नव्हता. ती हातचलाखी नाहीं असें म्हणण्याचा होता. आजानें ज्या सीमेचें रक्षण केलें, ती नातवाच्या पुस्तकानें ओलांडली. 'ही कादंबरी आहे' असे शब्द आरंभीं घातले असते, तर आम्ही तें आनंदानें वाचलें असतें.

आणि यांत कोणाचें नुकसान झालें नाहीं असेंही नाहीं. छद्मरचनेचें काम शेंकडों हातांचें होतें. डबे ठोकणारे, चौकटी बांधणारे, रात्रीं चर बुजविणारे शिपाई आणि त्यांना आंखणी करून देणारे चित्रकार यांनीं तें मिळून केलें. एका जादूगाराची कांडी फिरली आणि सैन्य अदृश्य झालें, या गोष्टींत हे सारे हात अदृश्य होतात. त्यांना शत्रूच्या दृष्टीआड राहणें कर्तव्य म्हणून प्राप्त होतें. वाचकांच्या दृष्टीआड कायमचें ढकललें जाणें हा अन्याय आहे.

येथें मौन आणि असत्य यांतील भेदही लक्षांत घ्यावा. अमेरिकन सैन्यांत जानेवारी १९४४ मध्यें अशाच कामासाठीं सुमारें १,१०० लोकांचें एक विशेष पथक उभारलें गेलें. पुढें लोकांत तें 'घोस्ट आर्मी' म्हणजे भुतांची फौज या नांवानें प्रसिद्ध झालें. कलाशाळांतून आलेले कितीतरी तरुण त्यांत होते. पुढें नांवाजलेला चित्रकार एल्सवर्थ केली हा त्यांतलाच. हवा भरून फुगविलेले रबरी रणगाडे, कर्ण्यांतून वाजविलेले फौजेच्या हालचालीचे आवाज आणि खोटे बिनतारी संदेश यांच्या बळावर हे मूठभर लोक हजारोंच्या सैन्याचें सोंग करीत. मार्च १९४५ मध्यें ऱ्हाइन नदीच्या कांठीं त्यांनीं दोन अख्ख्या डिव्हिजनांचें सोंग वठविलें. ही सारी हकीकत १९९६ पर्यंत सरकारी रीत्या गुप्त होती, आणि अमेरिकन काँग्रेसचें सुवर्णपदक त्यांना समारंभपूर्वक मिळालें तें २०२४ च्या मार्चमध्यें. तोंवर पथकांतले अगदीं थोडे लोक हयात होते. इतकीं वर्षें मौन राखणें हा असत्याचा प्रकार नव्हे. जो बोलत नाहीं तो वाचकाशीं करारच करीत नाहीं. जो 'हें असें घडलें' म्हणून बोलूं लागतो, तो करार करतो आणि त्याला बांधला जातो.

याच पथकाविषयींची एक गोष्ट आमच्या मनांत घर करून बसली आहे. नॉर्मंडींतील त्रेव्हिएर गांवचें चर्च बाँबनें उद्ध्वस्त झालें होतें. सैनिक-चित्रकारांपैकीं कित्येकांनीं फावल्या वेळांत तेथें बसून त्या भग्न चर्चचीं चित्रें काढलीं. नेमून दिलेल्या कामांत जे हात रबरी रणगाडे खरे भासवीत, तेच हात येथें पडलेल्या भिंती, फुटलेलें छप्पर, मधून दिसणारें आकाश, हें जसें दिसेल तसें कागदावर उतरवीत. त्यांना हें कोणी सांगितलें नव्हतें. त्याचा युद्धाला उपयोगही नव्हता. आम्हांला वाटतें, करारावांचून काम करून थकलेला कलावंत आपला करार पुन्हा शोधीत होता. कोणी तरी पुढें हें चित्र पाहील, तें चित्र आहे हें जाणून पाहील, आणि फसणार नाहीं, एवढी त्याला आशा असावी.

भासाच्या नाटकाकडे परत येऊन हा लेख संपवितों. उदयन खोट्या हत्तीला फसतो. पण तो हत्ती खोटा होता हें भास आपल्याला पहिल्याच अंकांत सांगून टाकतो. राजाच्या अज्ञानाचें आणि मंत्र्याच्या तळमळीचें दुःख आपल्याला होतें तें आपण सत्य जाणतों म्हणूनच. कवीनें राजाला फसूं दिलें, प्रेक्षकाला कधींच फसविलें नाहीं. युद्धाच्या काळांत कलावंतानें प्रद्योताची चाकरी केली असेल. ती त्याला करावीही लागली असेल. परंतु युद्ध सरल्यावर तो प्रद्योताच्या बाजूला राहिला कीं भासाच्या बाजूला आला, हें त्याच्या पुस्तकावरून वाचकांनीं पारखून घ्यावें.